धातुकोशाबाहेरचे धातू

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित असण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले आणि त्यानंतर काही दिवसांतच, १९२७ च्या जानेवारीत, त्यांच्या नावाचे हे मंडळ उभे राहिले. त्यांच्या मागे राहिलेल्या टिपणांतून जे ग्रंथ सिद्ध झाले त्यांत एक मराठी धातुकोश आहे. आमच्या एका अभियंता स्नेह्याने आमच्या कपाटात तो पाहिला आणि मोठ्या उत्सुकतेने उघडला. तांबे, जस्त, पोलाद यांची जुनी मराठी माहिती मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. आत क्रियापदे निघाली. आम्ही त्याला हसलो खरे, पण नंतर आम्हालाच वाटू लागले की हसण्यासारखे काही नव्हते. संस्कृतात ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे. त्यावरून जे तळाशी असते, ज्यावर बाकीचे उभे राहते, तो धातू. वैयाकरणाने तो शब्द क्रियेच्या मुळाला लावला, वैद्याने रस-रक्त-मांसादी सातांना लावला आणि खाणीत उतरणाऱ्याने खनिजाला. आपण साहित्याची माणसे पहिल्या अर्थाचे वारस. शेवटच्या अर्थाची मिळकत मात्र आपण न सांगता वापरत आलो आहोत, असे आमचे म्हणणे आहे.

समीक्षेचे कोणतेही पान काढून पाहावे. अमक्या कथेला कस आहे, तमक्या कवितेचा पोत वेगळा आहे, कादंबरीतला ताण शेवटी सैलावतो, निवेदन ठिसूळ आहे, शैली लवचीक आहे, अनुभवाला पीळ नाही. कस सोनाराचा, पोत विणकराचा, पीळ दोर वळणाऱ्याचा, ठिसूळपणा कुंभाराचा आणि लोहाराचा. हे सारे शब्द कारखान्यातून आलेले आहेत. पण तिथे त्यांना जो नेमका अर्थ होता तो दारातच गळून पडला. पदार्थविज्ञानाचे प्राथमिक पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा वाचावे असे आम्ही सुचवतो ते एवढ्याचसाठी. आणि वाचताना खानदेशाचा नकाशा जवळ असावा, कारण या शास्त्राचे बहुतेक धडे जळगाव-धुळ्याच्या मातीत आधीच घडून गेले आहेत.

प्रथम मजबुतीविषयी. व्यवहारात आपण ‘मजबूत’ या एका शब्दात निदान तीन गुण कोंबतो. एक, किती ओझे घेतल्यावर वस्तू तुटते, म्हणजे तिचे बळ. दोन, तिच्यावर ओरखडा उमटायला किती कठीण आहे, म्हणजे टणकपणा. तीन, तुटण्यापूर्वी ती किती मार पचवते, म्हणजे चिवटपणा. काच टणक आहे, चाकूने तिच्यावर सहज रेघ उठत नाही. पण एका ठोक्यात जाते. कातडे टणक मुळीच नाही, पण त्याला तोडताना घाम फुटतो. टणक आणि चिवट हे एकमेकांचे मित्र नव्हेत. बहुधा एक वाढवले की दुसरे घटते. लोहारकामाचा सारा इतिहास या दोघांत तडजोड घडवण्याचा इतिहास आहे. ‘कणखर भाषा’ असे लिहिणाऱ्या समीक्षकाला यांतले कोणते अभिप्रेत असते, हे आम्हाला आजवर कळलेले नाही.

‘ताण’ या शब्दाची अवस्था याहून वाईट. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडला: जितकी ओढ, तितके लांबणे. श्लेष आणि कूट यांत रमणाऱ्या आपल्या परंपरेला हा मनुष्य जवळचा वाटावा. पुढे १८०७ मध्ये टॉमस यंगने पदार्थाच्या ताठपणाला मापात आणण्याची वाट दाखवली आणि १८२२ च्या सुमारास फ्रेंच गणिती कोशीने दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या: पदार्थाच्या आत दर चौरस मापामागे वाहिले जाणारे बल ही एक, आणि त्यामुळे आकारात पडणारा फरक ही दुसरी. मराठी परिभाषेत यांना प्रतिबल आणि विकृती म्हणतात. आपल्या नुसत्या ‘ताणा’त दोन्ही मिसळलेले आहेत. दोर ताणला आहे म्हणजे त्याच्यावर जोर आहे, की तो लांबला आहे? पोलादाच्या तारेवर प्रचंड जोर असूनही ती डोळ्यांना लांबलेली दिसत नाही. रबर थोड्याशा ओढीने दुप्पट होते. ओढ सोडल्यावर वस्तू मूळ आकाराला आली तर ती स्थितिस्थापक, नाही आली तर तिने कायमचा आकार पत्करला. सळई वाकवली आणि ती वाकलेलीच राहिली, हा पदार्थाच्या चरित्रातला निर्णायक क्षण असतो. काही पदार्थ या क्षणापर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच फुटतात. तेच ठिसूळ.

प्रतिबल, विकृती, स्थितिस्थापकता, तन्यता, वर्धनीयता ही नावे अनेकांना रुक्ष वाटतात. आमचेही मत पूर्वी तसेच होते. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ साली धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. वेदान्त आणि धर्मशास्त्र शिकलेल्या या माणसाच्या देखरेखीखाली वाईला बसून धातुविज्ञान, काच, रबर, सिमेंट यांवर मराठीत नोंदी लिहवून घेतल्या गेल्या, आणि त्यासाठी आधी परिभाषा ठरवावी लागली. चिवट, वातड, ठिसूळ, भुसभुशीत, टणक, कडक, लिबलिबीत असे जिवंत शब्द असताना संस्कृताकडे का जायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही आहे. कारागिराचा शब्द हाताला कळतो, पण तो मोजता येत नाही, आणि त्याच्यापासून दुसरे दहा शब्द निघत नाहीत. ‘वातड’ हा शब्द भाकरीपासून चामड्यापर्यंत चालतो आणि म्हणूनच प्रयोगशाळेत चालत नाही. तथापि या सौद्यात एक नुकसान झाले. शब्द बदलले तेव्हा ते शब्द ज्यांचे होते ती माणसेही शास्त्राच्या पुस्तकातून बाहेर राहिली. तांबट, लोहार, पाथरवट, ढोर, चांभार यांच्याजवळ पदार्थगुणांचे जे ज्ञान होते ते लिहिले गेले नाही. परिभाषा तयार झाली तेव्हा ते ज्ञान इंग्रजी पुस्तकांवरून नव्याने आले. मराठ्यांचे राज्य का बुडाले याचा शोध घेताना राजवाड्यांना आपल्याकडील भौतिक विद्यांच्या अभावाचे शल्य वारंवार बोचले. विद्या नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. ती ज्यांच्या हातात होती त्यांच्या हातात लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी ऐरण कधी पाहिली नव्हती.

खानदेशात धातूची कथा तापी आणि गिरणेच्या काठांवर सुरू होते. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे (पूर्वी धुळे जिल्ह्यात, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात) येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ च्या सुमारास उत्खनन केले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी त्याच दशकात. दोन्ही ठिकाणी खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगाची वस्ती आहे आणि तिच्या वर लोखंडाची. ताम्रपाषाण हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो, पण त्यात पदार्थगुणांचे एक कोडे आहे. तांबे हाती आले असताना माणसाने दगडाची पाती टाकून का दिली नाहीत? एक तर तांबे दुर्मीळ होते. पण दुसरे असे, की शुद्ध तांबे मऊ असते आणि अकीक-गारगोटीच्या जातीचा दगड त्याच्याहून कितीतरी टणक. धारेच्या बाबतीत दगड सरस; मात्र तो फुटला की संपला. तांबे बोथट झाले तर पुन्हा ठोकता येते, मोडले तर वितळवता येते. म्हणजे त्या काळच्या माणसाने दोन पदार्थ दोन गुणांसाठी शेजारी शेजारी ठेवले होते. यात मागासलेपणा कसला?

तांब्याला आणखी एक खोड आहे. ते ठोकले की कठीण होते. ठोकताना धातूच्या कणांच्या आतल्या थरांत गुंता वाढतो आणि थर एकमेकांवरून घसरेनासे होतात. ठोकतच राहिले तर ते तडकते. म्हणून मधून मधून भट्टीत तापवून त्याला पुन्हा नरम करावे लागते. धुळ्याच्या उत्तरेला आग्रा रस्त्यावर सोनगीर आहे, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेले. घडवलेल्या हंड्यावर हातोडीचे जे सारख्या अंतराचे ठसे दिसतात ते शोभेसाठी आहेत अशी अनेकांची समजूत असते. शोभा आहेच, पण त्या मठारकामाने पातळ पत्र्याला ताठपणा येतो, हे त्यांचे मूळ प्रयोजन. अलंकार आणि आशय यांच्या वादात हे उदाहरण कुणी का वापरले नाही याचे नवल वाटते. त्याच भांड्यात आंबट ठेवले की ते कळकते, म्हणून आत कथलाची कल्हई. गंज, कळक, कीट, बुरशी असे नासण्याचे वेगवेगळे शब्द मराठीने पदार्थागणिक ठेवले आहेत.

पितळेची एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६० च्या दशकापासून काडतुसे बनत आली आहेत. काडतुसाची नळी साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेची असते, कारण ही पितळ थंड अवस्थेतच ओढून खोल पेल्याच्या आकाराची करता येते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एका विचित्र प्रकाराने हैराण केले होते. पावसाळाभर कोठारात नुसती पडून राहिलेली काडतुसे, कुणी हात न लावता, उभी चिरली जात. हा प्रकार पावसाळ्यात आणि तबेल्यांच्या आसपास विशेष होई. १९२१ च्या सुमारास त्याचा नीट उलगडा झाला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला खातो, हे अर्धे कारण. उरलेले अर्धे पितळेच्याच आत होते: ओढून आकार देताना धातूत ताण कोंडला गेला होता आणि बाहेरून काही दिसत नसतानाही तो तिथे होता. निव्वळ अमोनियाने चीर पडली नसती, निव्वळ कोंडलेल्या ताणानेही पडली नसती. उपाय साधा निघाला. काडतूस घडवल्यावर हलकेच तापवायचे, म्हणजे कठीणपणा न जाता आतला ताण निवळतो. ‘अंतर्गत ताण’ हा शब्दप्रयोग वर्गात नाटक शिकवताना आपण दिवसातून चारदा करतो. कोठारात उभी चिरलेली ही काडतुसे त्या वेळी डोळ्यांपुढे आणून पाहावीत.

लोखंडाविषयी थोडक्यात. खेड्यातल्या लोहाराला कार्बनचे प्रमाण ठाऊक नव्हते. पण विळ्याचे पाते लाल करून पाण्यात बुडवले की ते टणक होते आणि तसेच ठेवले तर काचेसारखे उडते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो ते पुन्हा मंद आचेवर धरी आणि घासलेल्या पृष्ठावर उमटणारा रंग पाहत बसे: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धार हवी असेल तर पिवळ्यावर थांबायचे, लवचीकपणा हवा असेल तर निळ्यापर्यंत जायचे. याला पाणी देणे म्हणतात, आणि ‘पाणीदार’ हे विशेषण घोड्याला आणि डोळ्यांना लागले त्यामागे हेच पाणी असावे असा आमचा तर्क आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायची लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करून, तापवून, फुगवून बसवायची आणि वर पाणी ओतायचे. ती आवळली की तुंबा, आरे आणि पाटे यांना एकजीव करते. रेल्वे १८६० च्या दशकात खानदेशात आली तेव्हा तिच्या चाकांवरचे पोलादी वेढे याच युक्तीने बसवलेले होते. आणि गाडी स्थानकात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर टकटक करीत जाणारा रेल्वेचा माणूस जुन्या प्रवाशांनी पाहिलेला असेल. खणखणीत आवाज आला तर चाक निर्दोष; बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर. बाजारात मडके घेणारी बाई नेमके हेच करते.

जळगावच्या सराफ बाजारात कस कळतो. कसोटीचा दगड काळा, बारीक कणांचा आणि सोन्याहून टणक. म्हणून सोने त्याच्यावर रेघ सोडते, आणि त्या रेघेचा रंग ओळखीच्या कसाच्या रेघेशी ताडून पाहतात, वर तेजाबाची परीक्षा. यात मजा अशी, की कसोटी सोन्याचे बळ पाहत नाही, शुद्धता पाहते. आणि शुद्ध सोन्याइतके दुबळे सोने दुसरे नाही. एका ग्रॅमची सुमारे दोन किलोमीटर तार निघेल इतके ते तन्य आहे. त्याची बांगडी केली तर बोटांनी वाकेल. म्हणून दागिन्यात तांबे-चांदीची भेसळ करतात. बावीस कॅरट म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोने. परका अणू मध्ये येऊन बसला की सोन्याचे थर घसरायला अडखळतात आणि दागिना टिकतो. एखाद्या लेखकाला बावनकशी म्हणताना ही अडचण ध्यानात घ्यावी. भाषाशुद्धीच्या चळवळीवरही यातून काही बोलता येईल. तूर्त आम्ही ते टाळतो.

आता मोट. खानदेशाच्या विहिरींवर शेकडो वर्षे पाणी चामड्याने उपसले गेले, आणि आमच्या मते या प्रदेशातला अभियांत्रिकीचा सर्वांत मोठा अलिखित ग्रंथ तोच आहे. कातडे म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचे, सर्व दिशांना गुंतलेले जाळे. कच्चे ठेवले तर ओले असताना कुजते आणि वाळल्यावर फळीसारखे होते. बाभळीच्या, तरवडाच्या सालीच्या पाण्यात ते मुरवले की सालीतले तुरट द्रव्य तंतूंना एकमेकांशी बांधते. मग ते कुजत नाही, वाकते पण मोडत नाही, ताणते पण फाटत नाही. त्यात एक चीर पडली तरी ती पुढे धावत नाही, कारण तिच्या तोंडाशी आडवे तंतू येतात. काचेत अशी अडवणूक कुणी करीत नाही. तिथे केसाएवढी फट साऱ्या पात्राचा घात करते. काच हिशेबाने निघते तितकी बळकट प्रत्यक्षात का नसते याचे हे उत्तर ग्रिफिथ या अभियंत्याने १९२० मध्ये गणिताने दिले. ते कुंडात पाय रोवून कातडी मुरवणाऱ्याच्या हातांनी त्याआधी दिले होते. पण गावाने त्याचे घर वेशीबाहेर ठेवले आणि त्याच्या कुंडाकडे जाताना नाकाला पदर लावला. ज्या पाण्यावर पीक उभे राही ते पाणी त्याने शिवलेल्या मोटेतून येई, आणि विहिरीला मात्र त्याचा हात लागून चालत नसे. पदार्थाच्या इतिहासात हे लिहायचे नाही तर कोठे लिहायचे?

मोट बैलांच्या जोरावर वर येते ती नाड्याने. तिच्या सोंडेला दुसरा बारीक दोर असतो तो सोंदूर. बैल ज्या उतारावरून खाली जातात तीही धाव. चाकाची धाव आणि मोटेची धाव असे एकाच शेतकऱ्याच्या घरात दोन शब्द एका उच्चाराचे नांदत होते आणि कुणाचा गोंधळ झाला नाही. पाणी जिथे ओतले जाते ते थारोळे. नाडा सणाचा किंवा अंबाडीचा. अंबाडीचा एक तंतू हातभर लांब. तो वीस हातांचा दोर कसा होतो? पिळाने. दोर ओढला की पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो आणि घर्षण त्यांना निसटू देत नाही. जितकी ओढ अधिक तितकी पकड अधिक. म्हणजे दोराचे बळ अंबाडीत जितके आहे तितकेच मांडणीत आहे. आधुनिक पदार्थविज्ञानाचे हे जणू पहिले सूत्र: द्रव्य एकच असले तरी रचना बदलली की गुण बदलतात, कोळशाच्याच कुळातला हिरा हे त्याचे ठरलेले उदाहरण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण हट्टी माणसासाठी आपण वापरतो. द्रव्य राख झाले तरी रचना दिसत राहते, हे पाहणारी दृष्टी तिच्यामागे आहे, आणि ती एखाद्या दोर वळणाऱ्याचीच असणार.

या वस्तूंचे जग मराठी कवितेत आतून आले ते जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता येत नव्हते. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ मध्ये सोपानदेवांनी टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. मोट, नांगर, घरोट, चूल ही तिथे प्रतीके म्हणून शिकवली जातात. आम्हाला असे वाटते, की ती आधी वस्तू म्हणून शिकवावीत. घरोट म्हणजे जाते. त्याची पाळ खरखरीत का असावी लागते, ती गुळगुळीत झाली की टाकी का लावून घ्यावी लागते, हे ज्याने पाहिले नाही त्याला दळण्याच्या रूपकाचा अर्धाच अर्थ कळेल. त्या कवितेची नेमकी विशेषणे निरीक्षणातून आलेली आहेत, आणि निरीक्षण हाताचे आहे.

विसाव्या शतकात मोट गेली. आधी पत्र्याची मोट आणि चामड्याची सोंड अशी मिश्र जात दिसली, मग तेलावरचे इंजिन, मग विजेचा पंप. पंप आला की नळी हवी. लोखंडी नळी बळकट, पण जड आणि गंजणारी. सिमेंटची गंजत नाही, पण ठिसूळ. या अडचणीला उत्तर जळगावातच तयार झाले, तेही वाकड्या वाटेने. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून धंदा सुरू केला, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पेपेन काढले, आणि १९८० पासून पीव्हीसीच्या नळ्या. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन. भवरलालजी २०१६ मध्ये वारले. तोवर केळीच्या बागांतून काळ्या नळ्यांचे जाळे पसरलेले होते.

पीव्हीसी हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात दोनदा योगायोगाने सापडला आणि दोनदा कुणाच्या कामाला आला नाही, कारण तो कडक, ठिसूळ आणि तापवला की करपणारा होता. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन याने त्यात द्रव मिसळून त्याला नरम केले आणि मग त्याचे नशीब उघडले. नळीसाठी मात्र तो नरम न करता, इतर द्रव्यांनी सावरून वापरतात. निम्म्याहून अधिक वजन क्लोरीनचे, म्हणजे मिठाचे. बाकी खनिज तेलाचे. लोखंडाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वजन. एकटा माणूस खांद्यावर नळी घेऊन बांधावरून चालतो ते त्यामुळे. तिचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात आणि उष्णतेने त्या साखळ्या सैलावतात. शेतकऱ्याने हे पुस्तकावाचून ओळखले: टोक जाळावर धरायचे, मऊ झाले की दुसऱ्या नळीवर चढवायचे, थंड झाले की सांधा तयार. लोहाराने धाव चढवावी तसेच हे. फक्त ऐरण नाही.

पण याच गुणात तिचे वैगुण्य आहे. नळीवर छापलेला दाब भारतीय मानकाप्रमाणे २७ अंश तापमानाला धरून ठरवलेला असतो. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि उघड्यावर उन्हात पडलेल्या नळीचे अंग हवेहूनही तापते. सुमारे ऐंशी अंशांना हा पदार्थ मुळी आपला ताठपणाच सोडतो. शिवाय उन्हातले अतिनील किरण साखळ्या तोडतात आणि नळी फिकट, ठिसूळ होते. म्हणून ती जमिनीत पुरायची. ठिबकची नळी बहुधा जमिनीवरच राहते. म्हणून तिच्या पॉलिथीनमध्ये काजळी मिसळतात. काजळी किरण स्वतः पिऊन टाकते. केळीच्या बुंध्याशी दिसणारा तो काळा रंग असा कमावलेला आहे. याहून विलक्षण गुण विसर्पणाचा. लोखंड नेहमीच्या हवेत एकदा ओझे घेतले की तितकेच वाकून थांबते. प्लास्टिक थांबत नाही. त्याच दाबाखाली ते वर्षानुवर्षे, कुणाच्या लक्षात न येता, हळूहळू फुगत राहते. म्हणून नळीचे आयुष्य आज ती किती दाब झेलते यावरून न ठरवता पन्नास वर्षांनी किती झेलेल याच्या अंदाजावरून ठरवावे लागते. एकाच ओझ्याखाली काळाने येणारा हा बदल दाखवायला मराठीत व्यवहारातला शब्द आम्हाला सापडला नाही. ‘विसर्पण’ शुद्ध संस्कृत आहे, आणि इथे आम्ही परिभाषा करणाऱ्यांचे आभार मानतो.

ढोराचे आणि मोट शिवणाऱ्याचे काम गेले ते याच वर्षांत. त्या कामात अवहेलना होती, ते गेले म्हणून हळहळावे असे आम्हाला वाटत नाही. हळहळ वाटते ती दुसऱ्याची. मोट फाटली की ती शिवता येत होती. कोठे फाटेल हे आधी बोटांना कळत होते. नळी फुटली की तुकडा कापून टाकायचा. जुन्या प्लास्टिकच्या पुनर्वापराने जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटयांचा मोठा धंदा उभा आहे. तिथे वितळवलेला पदार्थ ओढून त्याच्या काड्या करतात, आणि ओढताना रेणू एका दिशेला लागतात म्हणून काडी लांबीच्या बाजूने बळकट, आडवी मात्र सहज चिरली जाणारी होते. अंबाडीच्या तंतूचेही तसेच होते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही जण गिरणेच्या खोऱ्यातल्या एका जुन्या विहिरीवर गेलो होतो. काळ्या पाषाणाची बांधणी, एका बाजूला थारोळे, त्याच्या पलीकडे झुडपांनी भरलेली धाव. हा दगड चुरडायचा म्हटले तर एका चौरस सेंटिमीटरवर टनाहून अधिक ओझे लागते. ओढून तोडायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो, म्हणून पाथरवट त्याच्यावर नुसता घण न घालता ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी मारतो. थारोळ्याच्या ओठावर, सोंदूर जिथून जात असे तिथे, दगडात बोटभर खोल, गुळगुळीत चर पडली होती. अंबाडी दगडाला कशी कापणार? ती कापत नाही. ओल्या दोराला चिकटून येणारी वाळू कापते. दोर फक्त तिला धरून ठेवतो. आमच्याबरोबर आलेल्या एका विद्यार्थिनीने त्या चरीत बोट घातले, ते बसले. तिने विचारले, याला किती मोटा लागल्या असतील? विहिरीशेजारी नळी होती, निळसर-करडी, उन्हाने फिकी पडलेली. तिच्यावर नखाने ओढले तर पांढरी भुकटी आली.